दीड लिटर हवा, दोन थेंब इंधन : प्रस्तावना

प्रशिक्षणाच्या विमानात विद्यार्थी पहिल्यांदा थ्रॉटल पुढे सारतो, तेव्हा त्याच्या हाताला एकच इंजिन लागतं. आवाज एक, थरथर एक, समोर फिरणारा प्रॉपेलरही एक. पुढची कित्येक वर्षं तो त्याच समजुतीत उडतो. इंजिन झकास आहे, इंजिन तापलंय, इंजिन रफ चालतंय, असं तो म्हणत राहतो. हे पुस्तक ती समजूत मोडण्यासाठी लिहिलं आहे. सेस्ना १७२च्या नाकावरचा पत्रा काढला की खाली एका क्रँकशाफ्टला जखडलेली चार इंजिनं दिसतात. बीचक्राफ्ट बोनान्झात ती सहा असतात. प्रत्येकाला आपला पिस्टन, आपले व्हॉल्व्ह, आपले दोन स्पार्क प्लग. प्रत्येकाचा श्वास वेगळा आणि भूकही वेगळी.

हिशेब करून पाहू. १८० अश्वशक्तीचं लायकमिंग आयओ-३६० हे इंजिन घ्या. चारही सिलिंडर मिळून सुमारे ५.९ लिटर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दीड लिटर. क्रूझमध्ये मिनिटाला २,४०० फेरे होत असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २० वेळा पेटतो. तासाला ३४ लिटर इंधन जळत असेल, तर भागाकार करत गेल्यावर एका वेळच्या ज्वलनासाठी जेमतेम ०.१२ मिलिलिटर इंधन उरतं. डोळ्यांत घालायच्या औषधाचे हे दोन थेंब. दीड लिटरच्या पोकळीत दोन थेंब, सेकंदाला वीसदा, चार ठिकाणी, तासन्‌तास. त्यातल्या एका ठिकाणी दोनऐवजी पावणेदोन थेंब पडू लागले तर काय होतं, ते कळतं कसं आणि दुरुस्त कसं करायचं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण इंजिनाचं आयुष्य, इंधनाचा खर्च आणि वैमानिकाची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्याला बांधलेल्या आहेत.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी मिश्रणाचं गणित मनात पक्कं असायला हवं, म्हणून ते इथेच मांडतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा आठपटीच्या खाली गेली किंवा अठरापटीच्या वर गेली, की मिश्रण नीट पेटत नाही. या दोन टोकांच्या मध्ये इंजिनाचं सगळं जग आहे. सर्वांत जास्त जोर मिळतो तो इंधन थोडं जास्त असताना, साडेबारापट हवेच्या आसपास. कारण तिथे आत आलेल्या हवेतला ऑक्सिजन पुरेपूर कामी येतो. सर्वांत जास्त काटकसर होते ती उलट्या बाजूला, सोळापटीच्या आसपास. कारण तिथे इंधन पुरेपूर कामी येतं.

वैमानिकाला हे प्रमाण दिसत नाही. त्याला दिसतं ते एक्झॉस्टचं तापमान. लाल नॉब हळूहळू बाहेर ओढत मिश्रण लीन केलं, म्हणजे त्यातलं इंधन कमी करत नेलं, की हे तापमान चढत जातं, एका शिखराला पोचतं आणि मग उतरू लागतं. शिखराच्या अलीकडची बाजू रिच, पलीकडची लीन. सिलिंडर हेडचं तापमान आणि सिलिंडरच्या आतला दाब मात्र त्याच शिखरावर कमाल होत नाहीत. ते त्याच्या जरा अलीकडे, रिच बाजूला साधारण २५ ते ५० अंश फॅरनहाइटवर, कमाल होतात. सिलिंडरच्या दृष्टीने सर्वांत जाचक जागा ती. तिथून आणखी रिच केलं तरी दिलासा, आणि शिखर ओलांडून लीन केलं तरी दिलासा. ‘लीन केलं की इंजिन जळतं’ हे वाक्य अनेक पिढ्यांनी विद्यार्थ्यांना ऐकवलं. त्यात अर्धं सत्य आहे. रिच बाजूवरून थोडंसं लीन केलं तर सिलिंडर त्या जाचक जागेकडे सरकतो, हे खरं. पण ती जागा ओलांडून पुढे गेलं की तो निवू लागतो, हे सांगायचं राहून गेलं.

आता या विषयाचा गाभा. रिच बाजूला इंधन मुबलक असतं, त्यामुळे शक्ती किती मिळणार हे हवा ठरवते. लीन बाजूला हवा मुबलक असते, त्यामुळे शक्ती इंधन ठरवतं. लीन बाजूचं हे नातं इतकं सरळ आहे, की ८.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात तासाला जितके अमेरिकन गॅलन इंधन जळतं त्याला १४.९ने गुणलं की अश्वशक्ती मिळते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रिच बाजूला एका सिलिंडरला थोडं कमी-जास्त इंधन मिळालं, तरी त्याची शक्ती फारशी बदलत नाही. वक्राचा माथा तिथे सपाट असतो. लीन बाजूला वक्र कड्यासारखा उतरतो. तिथे पाच टक्के इंधन कमी मिळालेला सिलिंडर जवळपास पाच टक्के जोर कमी देतो. शेजारचा पूर्ण जोर लावतोय, हा मागे पडतोय, आणि दोघं एकाच क्रँकशाफ्टला बांधलेले. त्या ओढाताणीलाच वैमानिक ‘रफ’ म्हणतो.

म्हणून लीन मिश्रण हा थरथरीचा खरा गुन्हेगार नाही. सगळे सिलिंडर सारखेच लीन असतील, तर इंजिन मऊ चालतं, हळूहळू शक्ती सोडतं आणि शेवटी शांतपणे विझतं. थरथर होते ती त्यांच्यातल्या तफावतीमुळे. रिच बाजूला ही तफावत झाकलेली असते आणि लीन केल्यावर उघडी पडते, एवढंच. आजार लपवून ठेवणाऱ्या स्थितीला आपण वर्षानुवर्षं निरोगी स्थिती समजत आलो.

हे ज्ञान नवं नाही. इंजिनाला इंधन आणि हवा यांचा मेळ घालून द्यायचा प्रश्न उड्डाणाइतकाच जुना आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवरून जे विमान उडालं, त्याच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाला आजच्या अर्थाने कार्ब्युरेटरच नव्हता. चार्ली टेलर यांनी राइट बंधूंच्या दुकानात बांधलेल्या त्या इंजिनात पेट्रोल वरच्या छोट्या टाकीतून आपसूक खाली ठिबकायचं, तापलेल्या उथळ कप्प्यात पसरून त्याची वाफ व्हायची आणि ती हवेबरोबर चारही सिलिंडर ओढून घ्यायचे. कुणाला किती मिळालं हे पाहायचं साधन नव्हतं. सुमारे १२ अश्वशक्ती मिळाली आणि ती पुरली.

दुसऱ्या महायुद्धात मिश्रणाचं महत्त्व आयुष्याशी जोडलं गेलं. १९४४ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग पॅसिफिकमध्ये पी-३८ विमानांच्या वैमानिकांबरोबर उडाले. कमी फेरे, जास्त मॅनिफोल्ड दाब आणि लीन मिश्रण ही त्यांची शिकवण. तरुण वैमानिकांना भीती होती की याने इंजिनं खराब होतील. लिंडबर्ग परतायचे तेव्हा त्यांच्या टाकीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल शिल्लक असायचं, आणि त्यांची इंजिनं धडधाकट असायची. विशाल समुद्रावर त्या शिल्लक पेट्रोलची किंमत वेगळी सांगायला नको.

मग प्रवासी विमानांचा काळ आला. मराठी वाचकाला या टप्प्यावर घरचा धागा सापडतो; तो सुरू होतो युद्धाच्याही आधी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते चार सिलिंडरांच्या जिप्सी इंजिनाच्या भरवशावर. जून १९४८मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा त्याच्या पंखांवर राइट आर-३३५० जातीची चार इंजिनं होती. एकेका इंजिनाला १८ सिलिंडर आणि एकेका सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे एका विमानात ७२ सिलिंडर, १४४ प्लग. यांच्यावर नजर ठेवायला फ्लाइट इंजिनिअर नावाचा वेगळा माणूस, त्याच्यापुढे काट्यांची वेगळी भिंत. याच घराण्यातल्या नंतरच्या टर्बो-कंपाउंड इंजिनांवर क्रँकशाफ्टचा जोर मोजणारं साधन असायचं. आधी सर्वांत जास्त जोर मिळेल तिथे मिश्रण आणायचं, मग जोर दहा टक्के घसरेपर्यंत लीन करायचं आणि तिथे थांबायचं, ही त्यांची रोजची रीत. महासागर ओलांडणारी विमानं हजारो तास शिखराच्या पलीकडे, लीन बाजूला उडत होती. त्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला पंपाच्या स्वतंत्र दट्ट्यातून मोजून इंधन मिळायचं, म्हणून हे साधत होतं.

१९६०मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं. जगभर जेटयुग सुरू झालं. फ्लाइट इंजिनिअरचं ते पिस्टन इंजिनांचं शहाणपण मोठ्या विमानांबरोबर निवृत्त झालं. मागे राहिली ती छोटी विमानं, एकटा वैमानिक आणि सगळ्या सिलिंडरांसाठी मिळून तापमानाचा एकच काटा. पुष्कळदा तोही नाही. हाताने हाताला दिलेलं ज्ञान, देणारे हात नाहीसे झाले की, किती लवकर हरवतं, याचं इतकं ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. या पुस्तकामागची तळमळ तिथून आली आहे.

छोट्या इंजिनांत तफावत येते कुठून? कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात इंधन एकाच ठिकाणी हवेत मिसळतं आणि मग नळ्यांच्या फाट्यांतून सिलिंडरांकडे जातं. वाफ झालेलं इंधन हवेबरोबर वळणं घेतं, पण न विरलेले जड थेंब वळणावर सरळ निघून जातात. कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी. सेस्ना १८२मधलं कॉन्टिनेन्टल ओ-४७० इंजिन यासाठी प्रसिद्ध आहे. जुने वैमानिक त्यात थोडी कार्ब्युरेटर हीट लावतात किंवा थ्रॉटल किंचित मागे घेऊन त्याची झडप तिरपी करतात. हवेत खळबळ झाली की थेंब विरतात आणि इंजिन मऊ होतं. युक्ती साधी आहे, पण तिच्यामागे समज आहे.

फ्युएल इंजेक्शन आल्यावर हा प्रश्न संपला असं सगळ्यांना वाटलं. प्रत्येक सिलिंडरला आपलं नोझल, सगळी नोझलं एकाच मापाची, मग तफावत राहील कशी? पण विमानांतलं हे इंजेक्शन सतत वाहणारं आहे. व्हॉल्व्ह उघडा असो की मिटलेला, नोझल फवारतच राहतं. ज्या इंजिनात एका लांब नळीवर ओळीने सिलिंडर बसवलेले असतात, तिथे पहिल्याचा व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याच्या दारात साचलेली इंधनाची वाफ नळीतली हवा पुढच्याकडे घेऊन जाते.

ज्याने पाटाचं पाणी पाहिलंय त्याला हे चित्र लगेच उमगेल. कालव्याच्या मुखापाशी ज्याचं शेत, त्याला पाणी भरपूर; शेपटाकडच्याच्या नशिबी कोरडा पाट. आपल्याकडे पाणीवाटपाची सगळी भांडणं याच एका गोष्टीची आहेत. इंजिनातली गंमत उलटी आहे. इथे प्रत्येक शेताला आपली वेगळी मोट आहे, पण वाऱ्याबरोबर वरच्याच्या वाट्याचं थोडं पाणी खालच्याच्या शेतात उडून जातं. मोटा सारख्या मापाच्या केल्या तरी शेतं सारखी भिजत नाहीत. ज्याच्या वाट्याचं उडून जातं त्याची मोट थोडी मोठी हवी आणि ज्याच्या शेतात येऊन पडतं त्याची थोडी लहान.

नेमकं हेच १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एडा या लहानशा गावी जॉर्ज ब्रेली आणि टिम रोल यांनी करून दाखवलं. त्यांच्या ‘गामी’ या कंपनीने कॉन्टिनेन्टलच्या मोठ्या इंजिनांसाठी सिलिंडरागणिक वेगळ्या मापाची नोझलं बनवली. नोझलं असमान झाली आणि सिलिंडरांमधलं मिश्रण समान झालं. जी इंजिनं लीन बाजूला थरथरायची ती तिथे मऊ चालू लागली. पुढे कॉन्टिनेन्टलनेही जागेनुसार मापं बदललेली नोझलं देऊ केली. लायकमिंगच्या अनेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला तळातल्या कप्प्यातून स्वतंत्र नळी जाते, त्यामुळे तिथे ही तफावत मुळातच कमी असते. हवेची वाट सारखी करा, किंवा वाट वेगळी असेल तर इंधनाचं माप वेगळं करा. समतोलाला हे दोनच रस्ते आहेत. या सगळ्यातून मला सापडलेली गोष्ट एका वाक्यात सांगायची तर ती ही : सारखं वाटप म्हणजे समतोल नव्हे. प्रत्येकाला काय मिळालं यापेक्षा प्रत्येकाच्या पोटात काय पोचलं ते मोजायला हवं.

ते मोजायचं कसं, याचं उत्तर पुस्तकाच्या मधल्या भागात सविस्तर आहे. इथे फक्त ओळख करून देतो. प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टला आणि हेडला स्वतंत्र प्रोब असलेला इंजिन मॉनिटर हवा. पुरेशा उंचीवर, स्थिर क्रूझमध्ये, शक्ती ६५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवून मिश्रण अगदी सावकाश लीन करत जायचं. ज्या सिलिंडरला मुळात कमी इंधन मिळतं त्याचं शिखर आधी येतं, ज्याला जास्त मिळतं त्याचं सर्वांत शेवटी. पहिलं शिखर आलं तेव्हा तासाला किती गॅलन जळत होतं आणि शेवटचं आलं तेव्हा किती, ते टिपायचं. या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे त्या इंजिनाची तफावत. पहिलं शिखर १४.० गॅलनवर आणि शेवटचं १२.५वर आलं, तर तफावत दीड गॅलनची. ती अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे तासाला सुमारे १.९ लिटरच्या, आत आणायची हे उद्दिष्ट. वेळ लागतो अर्धा तास. पण या अर्ध्या तासात इंजिन आपल्याबद्दल जे सांगतं, ते तपासणीच्या कित्येक फॉर्मांत सापडत नाही.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. मॉनिटरवर सगळ्या सिलिंडरांचे एक्झॉस्टचे आकडे सारखे दिसले म्हणजे इंजिन समतोल, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. प्रोब नळीत किती आत बसलाय, नळीचं वळण कसं आहे, यावर तो आकडा बदलतो. एकाचा आकडा १,४०० आणि शेजाऱ्याचा १,४६० असेल, तरी दोघांची शिखरं एकाच इंधनप्रवाहाला येत असतील तर दोघं समतोल आहेत. उलट आकडे जुळूनही शिखरं वेगळ्या ठिकाणी असतील, तर बिघाड आहे. आकड्याची उंची पाहू नका, शिखराची वेळ पाहा.

आता बिघाडांविषयी. ही प्रकरणं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एक जुना दिवस सतत उभा होता. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रशिक्षण विमानाची तक्रार आली. टेक-ऑफला सगळं ठीक, वर जाऊन लीन केलं की थरथर. आम्ही प्लग बदलले, मॅग्नेटो तपासले. फ्युएल फ्लोचा काटा नेहमीपेक्षा थोडा जास्तच दाखवत होता, म्हणून इंधन कमी पडत असेल ही शक्यता आम्ही सोडून दिली. दोन दिवसांनी आमचे ज्येष्ठ मेकॅनिक, ज्यांना सगळे काका म्हणायचे, घरून मुरंब्याच्या चार सारख्या बरण्या घेऊन आले. विमान हँगरबाहेर मोकळ्यात काढलं. चारही नोझलं सिलिंडरांतून सोडवून, नळ्यांना जोडलेलीच ठेवून, एकेका बरणीत सोडली आणि थोडा वेळ बूस्ट पंप चालवला. तीन बरण्यांत निळं इंधन एका रेषेत चढलं. चौथीत ते बोटभर खाली होतं. सुमारे ०.७ मिलिमीटरच्या त्या छिद्रात राळेसारखा थर बसला होता.

आणि काटा जास्त का दाखवत होता? कारण तो प्रवाह मोजतच नव्हता. तो दाब मोजायचा आणि दाबावरून प्रवाहाचा आकडा दाखवायचा. एक तोंड बुजलं की मागचा दाब वाढतो, आणि काटा सांगतो की इंधन जास्त जातंय. उपाशी सिलिंडरची खूण काट्यावर भरपेट जेवणासारखी दिसत होती. काका बरण्या पुसत म्हणाले, “काटा सगळ्यांची बेरीज सांगतो रे. बरणी ज्याची त्याची सांगते.” पुढच्या सगळ्या वर्षांत शिकलेलं बरंच काही त्या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

हवेच्या बाजूचे बिघाड याहून चकवणारे. सिलिंडरजवळची इनटेक गॅस्केट सैल झाली, की थ्रॉटल कमी असताना नळीतल्या कमी दाबामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तो एकच सिलिंडर लीन होतो. पूर्ण थ्रॉटलला आतला दाब बाहेरच्या जवळ येतो, गळती जवळपास थांबते आणि खूण पुसली जाते. नोझलचा बिघाड याच्या उलट, सगळ्या थ्रॉटलवर दिसत राहतो. कॅम झिजून इनटेक व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नसेल, तर हवा कमी जाते आणि तो सिलिंडर रिच होतो. एकाच थरथरीची ही तीन निराळी कारणं, आणि प्रत्येकाचा ठसा मॉनिटरच्या नोंदीत निराळा. तो ठसा वाचायला शिकवणं हे या पुस्तकाचं मुख्य काम आहे. पार्ट बदलत सुटण्याआधी नोंद वाचा, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

यातला धोक्याचा भागही मोकळेपणाने सांगायला हवा. वैमानिक एका काट्याकडे पाहून शिखरापासून १०० अंश रिच बाजूला आहे असं समजतो. पण तो काटा ज्या सिलिंडरचा आहे, त्याच्यापेक्षा कमी इंधन मिळणारा शेजारी त्याच क्षणी ५०वर, म्हणजे नेमक्या सर्वांत जाचक जागी, भाजून निघत असू शकतो. शक्ती जास्त असेल तर तिथे डिटोनेशनची शक्यता वाढते, म्हणजे मिश्रण सुरळीत जळत न जाता स्फोटासारखं एकदम पेटतं. पिस्टनला भोक पडायला मग फार वेळ लागत नाही. इंजिनाची मर्यादा त्याच्या सरासरीने ठरत नाही, त्याच्यातल्या सर्वांत त्रासात असलेल्या सिलिंडरने ठरते.

येत्या काळात हे आणखी महत्त्वाचं होणार आहे. आज वापरात असलेल्या १००एलएल एव्हगॅसमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. डिटोनेशन रोखणारं ते शिसं माणसांच्या आरोग्याला घातक आहे आणि ते जायलाच हवं. एडाच्या त्याच कंपनीच्या शिसंविरहित इंधनाला अमेरिकेच्या एफएएने २०२२ मध्ये मान्यता दिली, आणि इतरही इंधनांवर काम चालू आहे. इंधन कुठलंही आलं, तरी ज्या इंजिनाचे सिलिंडर समतोल आहेत ते बदल सहज पचवेल.

हे सगळं मराठीत का लिहिलं, असं मला विचारलं गेलं. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या धावपट्ट्यांवर आज गावोगावची मुलं-मुली वैमानिक व्हायला येतात. हँगरमध्ये त्यांच्याच वयाची मुलं पाने घेऊन इंजिनाखाली झोपलेली असतात. मे महिन्यात दोन हजार फूट उंचीवरच्या धावपट्टीवर पारा ४० अंश सेल्सिअसला टेकला, की हवेच्या दृष्टीने ती धावपट्टी पाच हजार फुटांच्याही वर जाते. हवा विरळ, मिश्रण आपोआप रिच. त्या दिवशी मिश्रणाची समज नुसती परीक्षेपुरती राहत नाही. ही मुलं इंग्रजी मॅन्युअल वाचतात, त्यातले आकडे पाठ करतात, नियम पाळतात. पण ‘असं का?’ हा प्रश्न माणूस आपल्या भाषेत विचारतो आणि त्याचं उत्तरही आपल्या भाषेत मिळालं तरच ते हाडात भिनतं. म्हणून सिलिंडर, नोझल, थ्रॉटल हे शब्द हँगरमध्ये बोलतात तसेच ठेवले आहेत. भाषा बदलली ती समजावण्यासाठी, शब्द बदलून दाखवण्यासाठी नव्हे.

एक विनंती कळकळीची. या पुस्तकातलं काहीही आपल्या विमानाच्या हँडबुकच्या वर नाही. तिथे जी मर्यादा छापली आहे ती पाळायचीच. टेक-ऑफला मिश्रण कसं ठेवायचं, कुठल्या शक्तीखाली लीन करायचं, हे ते पुस्तक सांगेल. त्या नियमांमागची कारणं कळावीत, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

वाचून झाल्यावर पुढच्या उड्डाणात एक गोष्ट करा. क्रूझमध्ये स्थिरावल्यावर मॉनिटरवरच्या स्तंभांकडे एकत्र पाहू नका. एकेकावर बोट ठेवा, त्याचा क्रमांक मनात म्हणा आणि तो काय करतोय ते पाहा. पहिला. दुसरा. तिसरा. चौथा. त्या प्रत्येक बोटाखाली एक बरणी आहे आणि तिच्यात सेकंदाला वीस वेळा दोन थेंब पडताहेत.